काळ्या पाषाणाचे वय आणि समुद्राची खापरे

आपल्या खानदेशात दगडाला तोटा नाही. धुळ्याहून मालेगावकडे निघा, लळिंगचा डोंगर काळ्या पाषाणाचा. चाळीसगावकडून पाटणादेवीला जा, तिथेही तोच. अजिंठ्याची लेणी कोरली ती याच दगडात. विहीर खणणाऱ्याला विचारा. तो वरून खाली यादी सांगतो: काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग पक्का काळा पाषाण, कधीतरी मध्येच तांबड्या मातीचा हातभर पट्टा, आणि त्याखाली पुन्हा पाषाण. माझ्या ओळखीचा एक म्हातारा विहीरवाला म्हणायचा, "खाले बठा काया दगड से, गुरुजी!" त्याचे म्हणणे अगदी खरे होते. फक्त यावल-रावेरकडे, तापीच्या अगदी जवळ, बोअर शेकडो फूट गेली तरी गाळच लागतो. पाषाण तिथेही आहेच, पण फार खोल.

मी इतिहासाचा शिक्षक. भूगर्भशास्त्र माझा विषय नव्हे. पण इतिहासाच्या माणसाला एक खोड असते. कोणतीही जुनी वस्तू दिसली की तो पहिला प्रश्न विचारतो, "ही केव्हाची?" निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा हाच प्रश्न मी या काळ्या पाषाणाला विचारू लागलो. त्याचे उत्तर ज्या मार्गाने मिळते तो मार्ग इतका आपल्या ओळखीचा निघाला की ही हकिकत लिहून ठेवावीशी वाटली.

आधी अडचण समजून घेऊ. हा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, जमिनीच्या भेगांतून बाहेर आलेल्या लाव्ह्याचा थंड झालेला थर. असे थर एकावर एक साचून आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहेत. त्यालाच दख्खनचा ट्रॅप म्हणतात. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हे कोणालाही कळते. धुळे-नंदुरबार भागात तटबंदीसारख्या लांबच लांब दगडी भिंती माळावरून पूर्व-पश्चिम जाताना दिसतात. त्या भेगांत गोठलेला लाव्हा आहेत, आणि त्या ज्या थरांना छेदून जातात त्यांच्यानंतरच्या आहेत, हेही समजते. पण हा झाला क्रम. सन नव्हे! आजोबा नातवापेक्षा मोठे एवढे कळले म्हणून आजोबांचा जन्म कधीचा ते कळत नाही. शिवाय खानदेशातला अमुक थर आणि हजार किलोमीटरवरचा तमुक थर एकाच काळातले की नाहीत, हे नुसते दगडाकडे बघून सांगता येत नाही. काळा दगड सगळीकडे काळाच.

नेमकी हीच अडचण आपल्या पुरातत्त्ववाल्यांना येते, आणि ती ते कशी सोडवतात हे खानदेशाने जवळून पाहिले आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशे हे गाव आहे. तिथली उंच पांढरी १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी खणली. गिरणेकाठी बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी उत्खनन केले. अशा पांढरीत खालपासून वरपर्यंत वस्तीचे थर असतात आणि प्रत्येक थरात खापरे असतात. शिलालेख नाही, नाणे नाही, नुसती फुटकी गाडगी-मडकी! पण मडक्यांची घडण, रंग, नक्षी पिढ्यापिढ्यांनी बदलत जाते. शहादा तालुक्यातल्या सावळद्याच्या नावाने ओळखली जाणारी एक खास खापरे आहेत. तीच खापरे पार प्रवरेकाठी दायमाबादला सर्वांत खालच्या थरात मिळाली. एस. ए. साळी यांनी १९७५ ते १९७९ या काळात दायमाबाद खणले तेव्हा त्यावर उत्तर हडप्पा, मग दायमाबाद, मग माळवा आणि सर्वांत वर जोर्वे असा खापरांचा क्रम लागला. म्हणजे तापीकाठचा एक थर आणि प्रवरेकाठचा एक थर एका सुतात बांधले गेले. ते कोणी बांधले? खापरांनी. मडके टाकून देणाऱ्या बाईला काय ठाऊक की आपण कालगणनेचा पुरावा ठेवून चाललो आहोत!

दगडांच्या जगातही अशी खापरे आहेत. त्यांना जीवाश्म म्हणतात. इंग्लंडमध्ये विल्यम स्मिथ नावाचा एक मोजणीदार कालव्यांच्या खोदाईवर काम करत होता. त्याच्या लक्षात आले की प्रत्येक थरात ठराविकच शंखशिंपले सापडतात आणि त्यांचा क्रम गावोगाव तोच असतो. त्या आधारावर त्याने १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा छापला. मात्र शंखशिंपल्यांची एक पंचाईत आहे. खोल बोअर घेतली की यंत्राच्या दाताखाली त्यांचा चुरा होतो. वर येते ती नुसती भुकटी आणि खडी. त्या भुकटीतून काळ कसा वाचायचा?

इथे आपल्या कथेचा नायक येतो. त्याचे नाव फोरॅमिनिफेरा. मराठीत छिद्रधारी म्हणता येईल. हा समुद्रात राहणारा एकपेशीय जीव, बहुतेक वेळा वाळूच्या कणाएवढा किंवा त्याहून बारीक. तो स्वतःभोवती बहुधा चुन्याचे कवच बांधतो. वाढेल तशी एकेक खोली जोडत जातो, आपल्याकडे मुलाचे लग्न ठरले की मागे एक खोली काढतात तसा! १८२६ मध्ये फ्रान्सच्या द'ऑर्बिन्यी याने या गटाला नाव दिले. त्याला ही माकूळ वर्गातली चिमुकली जनावरे वाटली. १८३५ मध्ये द्युजार्दँ याने दाखवले की हा तर एका पेशीचा जीव. काही जाती समुद्रतळाशी राहतात, तर काही वरच्या पाण्यात तरंगतात. तरंगणाऱ्या जातींची कवचे मेल्यावर तळाशी पडतात, आणि लाखो वर्षे असा पाऊस पडत राहिला की तळावर त्यांचा गाळ साचतो.

चांगल्या खापराला जे गुण लागतात ते सगळे या कवचांत आहेत. एक, संख्या अफाट, चिमूटभर गाळात शेकड्यांनी मिळतात. दोन, तरंगणाऱ्या जाती प्रवाहाबरोबर समुद्रभर पसरतात, त्यामुळे इटलीतली जात भारताच्या समुद्रातही सापडते. तीन, त्या भराभर बदलतात. जुनी जात नाहीशी होते, नवी येते आणि गेलेली जात पुन्हा येत नाही. आणि चार, इतक्या बारीक की बोअरच्या दाताखालीही शाबूत राहतात.

हा चौथा गुण प्रथम हेरला तो तेलकंपन्यांत काम करणाऱ्या तीन स्त्रियांनी. एस्थर ॲप्लिन, अल्वा एलिसर आणि हेडविग निकर यांनी टेक्सास-लुइझियानाच्या तेलविहिरींमधल्या फोरॅमिनिफेरांवरून जमिनीखालच्या थरांचा मेळ लावून दाखवला आणि १९२५ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याआधी काही वर्षे अशी कल्पना मांडली तेव्हा विद्वानांनी ती हसण्यावारी नेली होती. पुढे तेलकंपन्यांनीच सूक्ष्मजीवाश्म ओळखणारी माणसे शोधशोधून नोकरीला ठेवली. आपल्याकडे १९७४ मध्ये मुंबईजवळ समुद्रात तेल लागले. तिथे तळाशी बऱ्याच भागात हाच आपला ट्रॅप आहे आणि वर चुनखडीचे, शेलचे थर. त्यांचा काळ ठरवायलाही हेच चिमुकले जीव कामाला येतात.

कामाची पद्धत फार साधी आहे. मऊ गाळ असेल तर तो भिजवायचा आणि बारीक चाळणीतून धुवायचा, आपल्या आया-बहिणी राजगिरा धुतात तसा. चाळणीची भोके मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढी. वर राहिलेला चुरा वाळवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पसरायचा आणि ओल्या बारीक ब्रशाने एकेक कवच उचलून वेगळे करायचे. दगड कठीण असेल तर त्याचा पातळ काप काढून, प्रकाश आरपार जाईल इतका घासायचा आणि कवचांचे छेद ओळखायचे. मग कोणती जात कोणत्या थरात प्रथम दिसते आणि कोणत्या थरात शेवटची, याची नोंद करायची. यात प्रथम दिसण्याला मोल अधिक. कारण जुन्या थरातली कवचे पाण्याने उकरून नव्या गाळात येऊन पडू शकतात, पण जी जात अजून जन्मालाच आली नाही ती आधीच्या थरात कुठून येणार? पांढरीतही असेच असते. उंदराच्या बिळाने जुने खापर वर येते, तेव्हा उत्खननवाल्याला सावध राहावे लागते.

या पद्धतीने जगाला सर्वांत मोठा धक्का दिला तो इटलीतल्या गुब्बिओ गावाजवळ. तिथल्या चुनखडीत एका पातळीपर्यंत मोठी, कंगोरेदार, नक्षीची कवचे दिसतात. ग्लोबोट्रंकाना हे त्यातले एक नाव. मग सेंटिमीटरभर जाडीचा चिकणमातीचा पट्टा येतो. त्याच्या वर ती सगळी मंडळी गायब! उरतात ती अगदी बारीक, साधी कवचे. लुटरबाकर आणि इसाबेला प्रेमोली सिल्वा यांनी १९६० च्या दशकात हा बदल नोंदवला. वरच्या थरातल्या एका जातीला त्या गावावरून युगुबिना असे नाव मिळाले. पुढे १९८० मध्ये लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच मातीत इरिडियम हा पृथ्वीच्या कवचात दुर्मिळ असणारा धातू बराच सापडल्याचे जाहीर केले, आणि मोठी उल्का आदळल्यामुळे डायनोसॉरसह असंख्य जाती नष्ट झाल्याचे मांडले. आज हा काळ ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा धरतात. उल्का कुठल्या रेषेवर शोधायची ते आधी त्या चिमुकल्या कवचांनीच दाखवून ठेवले होते.

आता वळू आपल्या ट्रॅपकडे. लाव्ह्याच्या रसात जीव टिकणार कुठून? पण दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात खळग्यांत तळी साचली, गाळ बसला आणि वर पुन्हा लाव्हा आला. असे मधले थर ठिकठिकाणी सापडतात. त्यांना आंतरट्रॅपी थर म्हणतात. नागपूरला मिशनरी म्हणून आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नागपूर परिसरातून त्यातले शंख, बिया, फळे जमवली आणि हे थर डायनोसॉर-युगानंतरचे, म्हणजे इओसीन काळातले असावेत असे मत दिले. आपल्या भागाचा पहिला मोठा अभ्यास विल्यम ब्लॅनफर्ड यांचा. तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्याच्या भूगर्भावरचा त्यांचा ग्रंथ १८६९ मध्ये भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला. विसाव्या शतकात लखनौचे बिरबल साहनी यांनीही जीवाश्म वनस्पतींवरून, विशेषतः ताडवर्गातल्या झाडांवरून, इओसीनच्याच बाजूने कौल दिला. १९८० च्या दशकात मात्र त्यांचेच पुतणे अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी यांनी अशाच थरांतल्या डायनोसॉर, मासे वगैरेंच्या अवशेषांवरून बराचसा ट्रॅप डायनोसॉरच्या अखेरच्या काळातला असल्याचे दाखवले. काकांचे मत पुतण्याने बदलले. शास्त्रात हे घडते, आणि घरात भांडण न होता घडते!

मतभेद इतके का टिकले? कारण गोड्या पाण्यातला शंख आणि रानातला ताड ही स्थानिक मंडळी. नागपूरच्या तळ्यातली गोगलगाय इटलीच्या चुनखडीत थोडीच सापडणार? जगभरच्या कालपत्रकाशी दुवा जोडायचा तर लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये समुद्राचा गाळ हवा. १९८६ मध्ये फ्रान्सच्या व्हिन्सेंट कूर्तियो यांनी आणि सहकाऱ्यांनी दगडातल्या चुंबकत्वाच्या खुणांवरून ट्रॅपचा काळ डायनोसॉरच्या अंताच्या अगदी जवळ आणून ठेवला होता. आता प्रश्न एवढाच राहिला: आधी, त्याच वेळी, की नंतर?

समुद्राचा गाळ मिळाला तो आंध्रात, राजमहेंद्रीच्या खडीच्या खाणींत. गोदावरी जिथे समुद्राकडे वळते तिथे ट्रॅपचे थर आहेत. आपल्या सह्याद्रीतल्या महाबळेश्वर परिसराच्या लाव्ह्याशी त्यांची रासायनिक ओळख जुळते, म्हणजे हा लाव्हा शेकडो किलोमीटर वाहत गेला असावा असे मानतात. तिथल्या दोन ट्रॅपच्या मधल्या चुनखडीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गेर्टा केलर, लोझानचे तिएरी अदात, रुरकीचे सुनील बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तीच गुब्बिओची बारीक मंडळी दिसली, म्हणजे विनाशानंतरच्या पहिल्या काही लाख वर्षांतली. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. खालचा ट्रॅप विनाशाच्या रेषेला भिडलेला, वरचा त्यानंतरचा. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या ओएनजीसीच्या खोल विहिरींतही लाव्ह्यांच्या मधला गाळ तपासला गेला, आणि लाव्ह्यागणिक जुन्या जाती आटत गेल्याचे या गटाने मांडले.

मग आली झिलमिली. हे गाव मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात, आजच्या कुठल्याही किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत. तिथल्या आंतरट्रॅपी थरात बहुतेक जमीन आणि गोड्या पाण्याच्या खुणा आहेत, पण मध्येच एका थोड्या जाडीत खाऱ्या पाण्याचे जीव आणि त्याच विनाशोत्तर काळातली तरंगती फोरॅमिनिफेरा सापडली. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. भर मध्य भारतात समुद्र? केलर आणि सहकाऱ्यांनी सुचवलेले उत्तर वाचताना मी खुर्चीत ताठ बसलो. समुद्राचा एक फाटा नर्मदा-तापीच्या खचलेल्या पट्ट्यातून आत आला असावा, असे ते म्हणतात. तापीचा उगम मुलताईला, छिंदवाड्याच्या शेजारच्या बैतूल जिल्ह्यात. म्हणजे ज्या वाटेने आज तापी समुद्राकडे जाते, त्याच वाटेने कधीकाळी समुद्र आत आला असेल!

इथे मला माझ्याच मनाला आवर घालावा लागतो. आपल्या गावावरून समुद्र गेला हे ऐकायला कोणाला आवडणार नाही? पण पुरावा झिलमिलीचा आहे, जळगाव-धुळ्याचा नव्हे. समुद्राची वाट हा अनुमानाचा भाग आहे आणि तो सर्वांनी मान्य केलेला नाही. छिंदवाड्यातच मोहगाव कलान येथे नायपा या खाडीकाठी वाढणाऱ्या ताडाचे जीवाश्म फळ पूर्वीच मिळालेले आहे, ही गोष्ट त्या अनुमानाला आधार देते. आणि त्याच्याही आधी, ट्रॅप येण्यापूर्वी, नर्मदेच्या बाजूने समुद्र आत आला होता हे मात्र पक्के आहे. सातपुड्यापलीकडे धार जिल्ह्यात बाघ गावाजवळच्या चुनखडीत समुद्री अर्चिन आणि अमोनाइट यांचे जीवाश्म भरपूर मिळतात. तेव्हा वाट होती. ट्रॅपच्या काळात ती पुन्हा उघडली का, एवढाच वाद आहे.

दुसरा वाद त्याहून मोठा: डायनोसॉर मारले कोणी, उल्केने की आपल्या दख्खनच्या लाव्ह्याने? केलर बाईंचा कौल लाव्ह्याकडे. बहुसंख्य शास्त्रज्ञ उल्केला मुख्य आरोपी मानतात. २०१९ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एकाने युरेनियम-शिशाच्या पद्धतीने दाखवले की लाव्ह्याचा एक मोठा लोंढा विनाशाच्या काही दहा हजार वर्षे आधी आला. दुसऱ्याने आर्गॉनच्या पद्धतीने म्हटले की सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा विनाशानंतर आला. मुख्य उद्रेक सुमारे दहा लाख वर्षांच्या आत आटोपला यावर मात्र दोघांचे एकमत. कोणी म्हणेल, आता ही घड्याळे मिळाली, मग कवचे कशाला? तर घड्याळ दगडाचे वय सांगते. कोणता जीव त्या क्षणी जगत होता आणि कोणता गेला होता, हे ते सांगत नाही. न्यायालयात मृत्यूची वेळ आणि घरात कोण होते याची साक्ष, दोन्ही लागतात.

मला या सगळ्यात एक गोष्ट बोचते. राजमहेंद्रीचा पुरावा दिसला तो खडीच्या खाणीमुळे, आणि तो संपणारही खडीच्या खाणीमुळेच. सुरुंग लागला की हातभर जाडीचा मधला थर कचरा म्हणून बाजूला टाकतात. पांढरीचेही तेच. पांढरीची माती शेताला खत म्हणून चांगली, ही पिढ्यांची समजूत, आणि ती खोटी नाही. पूर्वी बैलगाडीने थोडी माती जायची. गिरणेकाठच्या एका गावात मी नोकरीला होतो तेव्हा तिथली पांढरी मी दोन पुरुष उंच पाहिली होती. काही वर्षांपूर्वी गेलो तर ट्रॅक्टर आणि जेसीबीने ती सपाट केलेली. शेतकऱ्याला दोष देऊ कसा? त्याला पीक हवे, आणि त्या टेकाडात काय आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. जोर्वे खापर हातात घेऊन त्याला सांगणारा माणूस वेळेवर भेटायला हवा होता.

खापर एकटे उचलून कपाटात ठेवले तर त्याची किंमत शोभेची. कोणत्या थरातून, किती खोलीवरून, कशाच्या वर आणि कशाच्या खाली, हे लिहिलेले असेल तरच ते बोलते. फोरॅमिनिफेराचेही तसेच. म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या भागात विहीर खोदताना, खाणीत किंवा रस्त्याच्या कामात दोन काळ्या पाषाणांच्या मध्ये पांढरट, हिरवट किंवा पिवळसर गाळाचा थर दिसला तर त्याचा फोटो काढा, खोली आणि जागा लिहून ठेवा, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवा. बहुतेक वेळा ती साधी तांबडी किंवा तळ्यातली माती निघेल. काही बिघडत नाही. झिलमिलीचा थरही लांबून पाहणाऱ्याला मातीच वाटला असता.

असो. फार लांबले. पुढच्या वेळी सावळद्याच्या खापरांवर लिहीन म्हणतो.